स्टिअरिंगची तेलनळी फुटली तर

शेतकरी बंधूंनो, आणि हे पान वर्गात वाचून दाखवणाऱ्या गुरुजींनो,

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, मढच्या बाजूला, पाऊस लागला की भातखाचरांत चिखलणी सुरू होते. पूर्वी हे काम बैलांचे होते, आता पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टर करतो. हा ट्रॅक्टर बहुधा नवा नसतो. कोणाकडून तरी जुना घेतलेला, पंधरा-वीस वर्षे राबलेला असतो. त्याच्याकडून आपण दोन अगदी निराळी कामे घेतो. खाचरात बांधापाशी आले की चिखलात पुढची चाके जागच्या जागी वळवायची, आणि हंगाम पालटला की मागे ट्रॉली जोडून भर रस्त्याने ओतूर-आळेफाट्याकडे जायचे. त्याच रस्त्याने उलट बाजूला माळशेज घाट लागतो. दोन्ही कामांत भार पडतो तो स्टिअरिंगवर. आणि ज्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग आहे, तिथे तो भार शेवटी चार तेलनळ्यांवर येतो.

आता आपण म्हणाल, नळी म्हणजे काय, फुटली तर बदलली! पण त्याआधी आपला ट्रॅक्टर कोणत्या जातीचा आहे ते वाकून पाहावे. काही जुन्या ट्रॅक्टरांत स्टिअरिंगच्या चाकापासून पुढच्या चाकांपर्यंत दांडे आणि गिअरपेटी अशी लोखंडी जोडणी असते, तेल फक्त हातभार लावते. तिथे नळी फुटली तर स्टिअरिंग जड होते, पण वळते. दुसऱ्या जातीत स्टिअरिंगच्या चाकाखाली एक युनिट असते आणि त्यातून नुसत्या नळ्या निघतात. एक पंपाकडून येणारी, एक टाकीकडे परत जाणारी, आणि दोन पुढच्या सिलिंडरकडे जाणाऱ्या. मधे लोखंडाचा दांडा नाही. इंजिन बंद पडले तरी हे युनिट हातपंपासारखे तेल ढकलते आणि जोर लावून का होईना, ट्रॅक्टर वळवता येतो. पण सिलिंडरकडे जाणारी नळीच फुटली तर चाक गरगर फिरते आणि ट्रॅक्टर आपल्या मनाने जातो. या जातीत ती नळी म्हणजेच स्टिअरिंग आहे. तेव्हा तिची दुरुस्ती तात्पुरती म्हणून करणे हा शब्दच इथे लागू नाही.

दाब किती असतो? ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवा असते साधारण एक-दीड किलोची. टोमॅटोवर औषध मारणारा पंप २० ते ४० किलोवर चालतो. स्टिअरिंगच्या नळीत चाक पूर्ण वळवून धरले म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० ते १५० किलोपर्यंत दाब चढतो. आमच्या भागात फवारणीचा पाइप घरोघर असतो, म्हणून तो कापून, दोन क्लिपा आवळून स्टिअरिंगला लावण्याचा मोह होतो. तो पाइप त्या दाबाचा नाही आणि गरम तेलाचाही नाही. आज बसेल, उद्या फुगेल, आणि फुटेल तो भरल्या ट्रॉलीसकट उतारावर.

या दाबाचा दुसरा धोका हाताला आहे. नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले की त्यातून निघणारी तेलाची चिळकांडी डोळ्यांना धड दिसतही नाही, पण कातडी भेदून आत शिरते. पहिल्याने काटा टोचल्यासारखे वाटते, दुखत नाही. मग काही तासांत बोट सुजते, आतले मांस मरू लागते, आणि उशीर झाला तर बोट कापावे लागते. म्हणून गळती हाताने चाचपू नये. असे झालेच तर हळद लावून घरी बसू नये. त्याच दिवशी, त्याच तासाला, शस्त्रक्रिया होते अशा इस्पितळात जावे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, “दाबाखालचे तेल आत गेले आहे.” जखम बारीक दिसते म्हणून हे सांगणे फार महत्त्वाचे, बरं का.

मग गळती शोधावी कशी? नळ्या आणि जोड पुसून कोरडे करावेत. वर चाळलेली राख किंवा शाळेतल्या खडूची पूड भुरभुरावी. इंजिन मंद चालू करून स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवावे, इंजिन बंद करावे आणि मग पूड कुठे भिजली ते पाहावे. चालू इंजिनावर पाहायचेच झाले तर लांब पुठ्ठा पुढे धरावा, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. एक गळती मात्र अशी असते की थेंबभरही तेल बाहेर येत नाही. टाकीपासून पंपाकडे जाणारी नळी सैल असेल तर ती तेल सांडत नाही, उलट हवा ओढते. टाकीत फेस दिसतो, स्टिअरिंग कुरकुरते, धक्के देते. अशा वेळी माणसे पंप बदलतात आणि दोष असतो एका क्लिपेचा!

आता उघडणे. ट्रॅक्टर सपाटीवर घ्यावा, मागचे अवजार खाली टेकवावे, चाकांना ठोकळे लावावेत. इंजिन बंद करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा फिरवावे, म्हणजे अडकलेला दाब निघून जातो. जोडाभोवतीचा चिखल धुऊन, पुसून मगच पाना लावावा. या युनिटात भागांमधली फट केसाहून बारीक असते, एक वाळूचा कण पुरे. प्रत्येक नळीला रंगीत दोरा बांधावा. सिलिंडरच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर डावीकडे वळवल्यावर ट्रॅक्टर उजवीकडे जातो. हे ऐकायला गमतीचे वाटते, फाटकातून बाहेर पडताना वाटत नाही. उघडी तोंडे स्वच्छ प्लास्टिकने बांधावीत, सुताचा बोळा कोंबू नये, धागे आत जातात.

नट सोडताना दोन पाने हवेत. एकाने जोड धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने ओढले की नळी पिळवटते. जोडाच्या आत शंकूसारखी धातूची बैठक असते किंवा रबरी ओ-रिंग असते. तेल अडते ते त्यांच्यावर, आट्यांवर नाही. म्हणून पाण्याच्या नळासारखी पांढरी टेप गुंडाळून काही साधत नाही, तिचे तुकडे मात्र युनिटात जाऊन बसतात. तांब्याचे वायसर असतील तर नवे घालावेत. नवे न मिळाले तर जुने लाल होईपर्यंत तापवून गार करावेत, तांबे पुन्हा मऊ होते. जुन्या मिस्त्र्यांची ही रीत आजही चांगली आहे.

रबरी होज पाइप जोडून वापरू नये. जुना पाइप नमुन्याला घेऊन जावे. चाकण-भोसरीच्या कारखानदारी पट्ट्यात आत तारांची वीण असलेला पाइप मापाने कापून, टोके यंत्रावर दाबून देतात. दाब किती लागतो ते सांगावे, लांबी तीच ठेवावी. बसवताना पाइपावरची छापील रेघ सरळ राहिली पाहिजे, रेघ फिरली म्हणजे पाइप पिळला. लोखंडी नळीला छिद्र असेल तर वरून झाळ लावण्यापेक्षा नवी नळी वाकवून घ्यावी. आणि ती कशावर घासत होती ते आधी शोधावे. बहुतेक वेळा हरवलेल्या चिमट्याचा हा प्रताप असतो.

राहिली आतली हवा. गुरुजींनी इथे एक प्रयोग करून दाखवावा. सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या एका बारीक नळीने जोडून पाणी भरावे. एक दट्ट्या दाबला की दुसरा तत्काळ सरकतो, फ्रान्सच्या पास्कल यांनी सतराव्या शतकात सांगितलेला नियम तो हाच. आता आत थोडी हवा घ्यावी. पहिला दट्ट्या दाबला तर हवा आधी दबते, दुसरा मागाहून हलतो. ट्रॅक्टरचेही तेच होते. म्हणून पुढचा आस जॅकने उचलून भक्कम ठोकळ्यांवर ठेवावा, कंपनीच्या पुस्तकात सांगितलेले तेल टाकीत भरावे, इंजिन मंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश आठ-दहा वेळा फिरवावे. टोकाला दाबून धरू नये. मधूनमधून तेलाची पातळी पाहावी. फेस थांबला आणि चाके हाताबरोबर वळू लागली की झाले. काही ट्रॅक्टरांत हे तेल गिअरपेटीतूनच येते, तेव्हा कोणते तेल ते पाहूनच ओतावे. इंजिनातून काढलेले काळे तेल तर मुळीच नको.

नंतर ट्रॅक्टर आधी मोकळ्या शेतात, खालच्या गिअरमध्ये, ट्रॉलीशिवाय तासभर चालवावा. इंजिन बंद करून सगळे जोड पुन्हा पुसून, पूड टाकून पाहावेत. एकही जोड ओला नसेल तरच ट्रॉली जोडावी.