चौकटीतला प्रवासी आणि चौकटीबाहेरचे खांदे

आपल्या शहरात तसबिरींना चौकटी करून देणाऱ्या एका दुकानात बुद्ध, फुले आणि बाबासाहेब यांच्या शेजारी मी एक वेगळीच तसबीर पाहिली. अरबी वेशातला प्रवासी, खाली नाव : इब्न बतुता. दुकानदार म्हणाला, "सर, हा आपल्या दौलताबादला येऊन गेला होता. शिकलेली माणसं दिवाणखान्यात लावतात."

तो दौलताबादला आला होता हे खरे. पण चित्रातला चेहरा त्याचा नव्हे. त्याच्या हयातीत काढलेले एकही चित्र उपलब्ध नाही. बाजारात सर्रास मिळते ते चित्र लिआँ बेनेत या फ्रेंच चित्रकाराचे. ज्यूल व्हर्नच्या भूगोलशोधांवरील ग्रंथासाठी त्याने ते 1878 मध्ये काढले, म्हणजे बतुतानंतर पाचशे वर्षांनी. दुसरे लोकप्रिय चित्र यात्रेकरूंच्या काफिल्याचे आहे. ते अल्-वासिती याने 1237 मध्ये हरीरीच्या 'मकामात' या ग्रंथासाठी रंगवले. इब्न बतुताचा जन्म 1304 चा! म्हणजे एका चित्रात कल्पना आहे, तर दुसऱ्यात त्याच्या जन्माआधीची माणसे आहेत. चौकट घातली, काच बसवली, की कल्पनेचाही इतिहास होतो.

मग खरा बतुता कुठे सापडतो? त्याच्या प्रवासवर्णनात, 'रिहला'त. मोरोक्कोतल्या तांजिरचा हा धर्मशास्त्रज्ञ 1325 मध्ये घराबाहेर पडला, 1333 मध्ये सिंधूकाठी पोहोचला. मुहम्मद तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी नेमले. पगार वर्षाला 12,000 दिनार. 1342 मध्ये सुलतानाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला आणि वाटेत दौलताबादला आला. मायदेशी परतल्यावर फेजमध्ये त्याने आठवणी सांगितल्या, इब्न जुझय्याने त्या लिहून काढल्या. हे काम 1355 मध्ये पुरे झाले.

दौलताबादचा किल्ला, तिथल्या अंधारकोठडीतले मांजराहून मोठे उंदीर, द्राक्षे आणि डाळिंबे, गाणाऱ्यांचा देखणा बाजार, हे सारे त्याने नोंदवले आहे. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी तो लिहितो, की ते कारागिरीत, वैद्यकात आणि ज्योतिषात निपुण आहेत. त्यांच्यातले प्रतिष्ठित म्हणजे ब्राह्मण आणि क्षत्रिय. त्यांचा भात, भाजी, तिळाचे तेल, जेवणापूर्वीचे स्नान, सारे तो कौतुकाने सांगतो. गावाबाहेर कोण राहत होते, याचा त्या वर्णनात मागमूस नाही. पाहुण्याला यजमानाच्या ओटीवरून जेवढा गाव दिसतो, तेवढाच त्याला दिसला.

तरीही हा ग्रंथ आपण टाकून देऊ नये. कारण लेखकाच्या नकळत त्यात आपली माणसे वावरतात. तो डोलीचे वर्णन करतो : आठ माणसे, चौघे वाहतात, चौघे विसावतात. बाजारात आणि मोठ्यांच्या दारांत असे भाडोत्री भोई उभे असत. इजिप्तमध्ये जे काम गाढवे करतात, ते इथे डोली करते, असे तो सांगतो. पायी टपालाचेही वर्णन आहे. कोसाकोसाच्या आतच चौक्या, तिथे कंबर कसून बसलेली माणसे, एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याची घुंगरे लावलेली काठी. हे टपाल घोड्यांच्या टपालापेक्षाही वेगवान. सुलतान दौलताबादला असला, की त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी याच माणसांनी वाहून आणायचे. अंतर चाळीस दिवसांचे!

हे वाचले आणि मला माझा आजोबा आठवला. गावचे टपाल आणि साऱ्याची थैली तहसीलला पोहोचवणे हे त्याचे काम. हातात त्याच्याही घुंगराची काठी होती. त्याचा एकही फोटो आमच्या घरात नाही. मी शिकलो म्हणून त्याला शब्दांत तरी चौकट मिळते आहे. त्या धावणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मात्र बतुताने लिहिले नाही.

पाण्याची ही गोष्ट इथेच संपत नाही. 1934 मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. रमजानचे दिवस होते. किल्ल्याच्या दाराशी भरलेल्या हौदावर काहींनी हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून मुसलमानांचा जमाव धावून आला. शेवटी आत सोडले ते पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, पहारेकरी सोबत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला आहे. हिंदूंना जो अस्पृश्य, तो मुसलमानांनाही अस्पृश्य, हा त्याचा निष्कर्ष. ज्या गडावर सामान्य माणसांनी चाळीस दिवसांच्या वाटेवरून पाणी वाहून आणले, त्याच गडावर सुमारे सहाशे वर्षांनी सामान्य माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटले. धर्म बदलले, राजवटी बदलल्या. वाहणारा आणि पिणारा यांच्यामधली भिंत तशीच राहिली.

म्हणून तसबीर लावू नये असे माझे म्हणणे नाही. बेनेतच्या चित्रात बतुताजवळ त्याचा वाटाड्याही आहे. पण खाली नाव एकाचेच असते. पुढच्या वेळी कुणाच्या दिवाणखान्यात ही तसबीर दिसली, तर आपण एवढेच विचारावे : याला इथवर कोणी वाहून आणले? त्या प्रश्नाच्या उत्तराला अजून कुणी चौकट केलेली नाही. ती आपल्यालाच करायची आहे.