अंतराळ स्थानकामार्फत पाठविलेले पाकीट कोठे अडते?



नांदूर-मधमेश्वरहून गोदावरीत पाणी सोडल्याची बातमी आली, की कोपरगावात दोनच प्रश्न विचारले जातात : पाणी कोठपर्यंत आले, आणि फोन लागतो का? वीज गेली, मोबाईलचा मनोरा बंद पडला, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे येते. अशा वेळी हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, उपयोगी पडतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी श्रीमती भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला होते. त्यांनी याच साधनाने अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क राखला, हे अनेकांना आठवत असेल. आमच्या काही विद्यार्थ्यांनी याच विद्येतील एक प्रकार शिकावयास घेतला आहे. तो म्हणजे अंतराळ स्थानकामार्फत लेखी संदेश पाठविणे. त्यात आम्ही कोठे कोठे अडलो ते येथे सांगत आहोत.

पॅकेट म्हणजे पाकीटच समजा. संगणक मजकुराचे दोन सुरांत रूपांतर करतो. एक सूर १२०० हर्ट्झचा, दुसरा २२०० हर्ट्झचा. कानाला ती नुसती कर्कश खरखर वाटते. पाकिटावर पाठविणाऱ्याची कॉलसाइन असते आणि पत्रावर आपण 'मार्फत' लिहितो तसा मार्गही असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी त्या जागी 'एआरआयएसएस' ही अक्षरे घालतात. स्थानकावरील यंत्र १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पाकीट ऐकते, त्यावर आपली खूण करते आणि त्याच कंप्रतेवर लगेच खाली सोडते. आपल्या महाराष्ट्रातही याच जातीचा प्रयोग झाला आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनविलेला, जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने वर गेला. त्याचे कामच मुळी हौशी रेडिओवाल्यांचे पॅकेट संदेश एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचविण्याचे ठरविलेले होते.

आमच्यातील परवानाधारक सभासदांच्या देखरेखीखाली आम्ही सहा संध्याकाळी गच्चीवर उभे राहिलो. पाच वॉटचा हातातला रेडिओ, प्लास्टिकच्या पाइपवर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे बसवून केलेला अँटेना आणि एक जुना लॅपटॉप. सहाही दिवस उत्तर शून्य. "आपलं गाव तिकडं ऐकूच येत नसेल," असे एक विद्यार्थिनी म्हणाली. हे वाक्य आम्हाला फार लागले. कारण एकदा मनाने असे घेतले, की माणूस दोष शोधणेच सोडून देतो.

मग आम्ही मागून पुढे तपासत आलो. पहिला प्रश्न : स्थानक खरोखर डोक्यावर होते का? ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी २८,००० किलोमीटर वेगाने जाते आणि चांगल्या फेरीतही दहाएक मिनिटेच दिसते. संगणकाने दाखविलेली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास! आमचा पहिला दिवस यातच गेला. कक्षेचे आकडे महिनाभर जुने असले तरी वेळ चुकते, कारण स्थानकाची कक्षा अधूनमधून इंजिने चालवून उंचावली जाते. शिवाय ते यंत्र नेहमी चालू असतेच असे नाही. अंतराळवीर बाहेर काम करीत असताना किंवा यान जोडले जात असताना ते बंद ठेवतात. शाळांशी बोलण्याच्या वेळीही पॅकेटचे काम थांबू शकते. ४ जुलै २०२५ रोजी शुभांशु शुक्ला बंगळुरूच्या केंद्रातून विद्यार्थ्यांशी बोलले ते याच हौशी सेवेवरून. म्हणून आधी नुसते ऐकावे. दुसऱ्यांची पाकिटे पडद्यावर उमटली तर यंत्र चालू आहे, आणि आपला अँटेना व आपली ऐकण्याची बाजू ठीक आहे.

आम्हाला दुसऱ्यांची पाकिटे दिसत होती. म्हणजे खोट पाठविण्यात होती. ती पाहण्यासाठी स्थानकाची गरज नाही. दुसऱ्या मोकळ्या कंप्रतेवर, सर्वांत कमी शक्तीवर, चार घरे पलीकडे ठेवलेल्या रेडिओवर आपलेच पाकीट वाचून पाहावे. आमचे तेथेही वाचले जाईना! लॅपटॉपचा आवाज आम्ही पूर्ण चढविला होता. मोठ्याने बोलले की लांब ऐकू जाते, ही सभेतली सवय. येथे मात्र आवाज चढविला की सूर फाटतात, आणि पाकिटातला एक बिंदू जरी चुकला तरी तपासणीचा आकडा जुळत नाही व समोरचे यंत्र अख्खे पाकीट टाकून देते. आवाज निम्म्याखाली आणताच पाकीट वाचले गेले. मजकुरातही एक चूक सापडली. कोपरगाव १९.८८ अंशांवर आहे म्हणून मुलांनी १९ अंश ८८ मिनिटे लिहिले होते. मिनिटे साठच असतात. खरे उत्तर ५२.८ मिनिटे.

सातव्या संध्याकाळीही पडद्यावर आमचे नाव नाही. पण रात्री पुण्याच्या एका परिचित हॅमचा फोन आला, "तुमची कॉलसाइन स्थानकाच्या खुणेसह माझ्याकडे आली आहे!" पाकीट जात होते, बहिरे आम्ही होतो. आमचा रेडिओ आवाज आला की आपोआप प्रक्षेपण सुरू करायचा आणि आवाज थांबल्यावरही सेकंदभर तसाच चालू राहायचा. लहान पाकीट अर्ध्या-पाऊण सेकंदाचे. स्थानकाचे उत्तर येऊन गेले तरी आमचा रेडिओ बोलण्याच्याच अवस्थेत! हीच सोय सुरुवातीलाही उशीर करते आणि पाकिटाचे डोके कापते. त्यावर उपाय म्हणून मजकुरापूर्वी सुमारे अर्धा सेकंद कोरा सूर सोडला. शेपटीसाठी मात्र रेडिओचे बटण संगणकाने दाबावे अशी तार जोडावी लागली. एक ट्रान्झिस्टर, एक रोध आणि दोन तासांचे डाग देणे.

कंप्रता सरकण्याची भीती आम्हाला सांगितली गेली होती. वेगामुळे ती सरकते हे खरे, पण या पट्ट्यात साडेतीन किलोहर्ट्झच्या आतच, आणि एफएममध्ये तेवढे चालून जाते. उगाच बटणे फिरवू नयेत. ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास मात्र ती दहा किलोहर्ट्झपर्यंत जाते, तेथे लक्ष द्यावेच लागते.

आठव्या संध्याकाळी चार पाकिटे सोडली. तीन परत आली, आणि त्याच विद्यार्थिनीने वेळा वहीत लिहून घेतल्या. चौथे बहुधा धडकले असावे. स्थानकाला एकाच वेळी श्रीनगरपासून कोलंबोपर्यंतचे सगळे ऐकू येतात, पण जमिनीवर ते एकमेकांना ऐकू येत नाहीत. दोघे एकदम बोलले की दोघांचेही जाते.