लंडन नव्हे, फ्रांकफुर्ट

परदेशीं नोकरी म्हणजे लंडन अथवा न्यूयॉर्क, हें समीकरण आमच्या कुटुंबांत बरींच वर्षें घट्ट बसलें होतें. आतां तें सुटत चाललें आहे. नवी मुंबईंत वाशी-नेरुळकडे सायंकाळीं वडील मंडळी एकत्र बसतात, तेथें हल्लीं फ्रांकफुर्ट, झुरिक, लुक्सेंबुर्ग हीं नांवें वरचेवर कानीं पडतात. ऐरोलीच्या उंच इमारतींत बसून परदेशी बँकांचे हिशेब पाहणारीं आमचीं मुलें आतां त्या बँकांच्या गांवींच जाऊन काम करूं पाहत आहेत. अशा वेळीं घरांत पगार विचारतात, भाडें विचारतात, थंडी किती व शाकाहाराची सोय काय, हेंही विचारतात. भाषेचा प्रश्न मात्र "कचेरींत सारें इंग्रजींतच चालतें" ह्या एका उत्तरानें मिटतो. आम्हीं उभा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यांत घालविला. भाषेचा प्रश्न इतक्या स्वस्तांत मिटलेला पाहून आम्हांस शंका येते.

फ्रांकफुर्टकडे ओढा कां लागला, हें उघड आहे. युरोपची मध्यवर्ती बँक १९९८ सालीं तेथें स्थापन झाली. ब्रिटन युरोपीय संघाच्या सामाईक बाजारांतून २०२० च्या अखेरीस बाहेर पडलें, आणि लंडनमध्यें बसून सर्व युरोपभर व्यवहार करण्याची तेथील बँकांची मुभा संपली. अनेकांनीं आपलीं कांहीं खातीं फ्रांकफुर्ट, पॅरिस, डब्लिन येथें हलविलीं. तथापि हें फ्रांकफुर्ट किती मोठें? २०११ च्या शिरगणतींत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दींत ११ लाखांवर माणसें मोजलीं गेलीं. फ्रांकफुर्टची वस्ती आठ लाखांच्या आंत आहे. म्हणजे आपल्या गांवाहून लहान गांवीं आपण जाणार, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी.

मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकांत इंग्रजीवर निभावतें, हें खोटें नाहीं. जोखमीचें गणित मांडणाऱ्यास आंकडे पुरतात. परंतु जर्मन व्यापारी कायद्याच्या २४४ व्या कलमान्वयें व्यापाऱ्यास वार्षिक ताळेबंद जर्मन भाषेंतच मांडावा लागतो. करसल्लागाराची परीक्षा जर्मन भाषेंत. त्या देशाचें बरेंचसें धन पिढीजात कुटुंबांच्या मध्यम कारखान्यांत आहे, आणि तो कारखानदार कर्जाची बोलणीं स्वभाषेंतच करतो. आपला सांगलीचा हळदीचा व्यापारी तरी परभाषेंत मन मोकळें करील काय? तेव्हां पहिली नोकरी इंग्रजीवर मिळते. अडचण येते ती दुसरीच्या वेळीं. लंडनमध्यें एक दार मिटलें तर पलीकडच्या गल्लींत दुसरें उघडें असतें. लहान बाजारांत इंग्रजीचीं दारें मोजकींच, आणि तीं ठोठावणारे सारे आपल्यासारखेच.

आमची एक जुनी विद्यार्थिनी सनदी लेखापाल झाली व ऐरोलीस एका परदेशी बँकेच्या कामांत होती. फ्रांकफुर्टहून बोलावणें आलें, तेव्हां तिनें आठ महिन्यांची मुदत मागून घेतली आणि जर्मन शिकूं लागली. वडील संतापले, "हातचें जाईल" म्हणून आमच्याकडे गाऱ्हाणें घेऊन आले. आम्हीं मुलीचा पक्ष घेतला. ती गेल्यावर दोन वर्षांनीं तिचें खातेंच तेथून उठलें. बरोबरीचे कांहीं परत आले; तिला मात्र एका स्थानिक बँकेनें कर्जविभागांत घेतलें.

जर्मन शिकणें मराठी मुलास वाटतें तितकें जड नाहीं. इंग्रज 'वीस-एक' म्हणतो. जर्मन मनुष्य 'एक आणि वीस' म्हणतो, म्हणजे आपला एकवीस, संस्कृताचा एकविंशति. लिंगें तीन, आपल्यासारखींच. विभक्ति चार, आठ पाठ केलेल्यास चारांचें भय काय! सूर्य तेथें स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, एवढें पहिल्यानें चमत्कारिक वाटतें. हिशेबाच्या माणसानें मात्र एका ठिकाणीं सावध असावें. आपण दशांशासाठीं टिंब देतों तेथें ते स्वल्पविराम देतात, आणि हजारांच्या जागीं टिंब. १.५०० हा आंकडा आपणांस दीड, त्यांस दीड हजार. मुंबई-पुण्यास मॅक्समुल्लर भवनांत हें शिक्षण मिळतें.

जर्मन सरकारनेंही भाषेची किंमत ठरविली आहे. 'ब्लू कार्ड' नांवाच्या परवान्यावर गेलेल्यास, इतर अटी पुऱ्या झाल्यास, भाषेच्या सहा पायऱ्यांपैकीं पहिलीवर असतां २७ महिन्यांनीं कायम वास्तव्य मिळतें. तिसरीवर असतां २१ महिन्यांनीं.

परमुलखांत जाऊन तिजोरी सांभाळणें आपणांस नवें नाहीं. तंजावरकडील मराठी घराण्यांतले सर टी. माधवराव १८२८ सालीं कुंभकोणम् येथें जन्मले, मद्रासेस महालेखापालाच्या कचेरींत कांहीं काळ राहिले, आणि पुढें त्रावणकोर, इंदूर व बडोदें अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. मल्याळम्, हिंदी, गुजराती अशा तीन भाषांचे ते मुलूख. मराठीच्या हट्टानें त्यांतलें एक तरी संस्थान चाललें असतें काय?

घरांत सर्वांत कमी बोललें जातें तें सोबत जाणाऱ्या जोडीदाराविषयीं. ब्लू कार्डवाल्याच्या पतीस वा पत्नीस नोकरीची मुभा असते, पण मुभा म्हणजे नोकरी नव्हे. रोग्याशीं जर्मन भाषेंत नीट बोलतां येतें, हें सिद्ध केल्यावांचून डॉक्टरास वा दंतवैद्यास तेथें कायमची सनद मिळत नाहीं. सून येथें दवाखाना चालवीत असेल, तर मुलाच्या पगाराचा हिशेब करतांना तिच्या बंद दवाखान्याचाही आंकडा समोर मांडावा. आमच्या त्या विद्यार्थिनीचे यजमान दंतवैद्य आहेत. तिच्यामागून एका वर्षानें ते गेले, आणि सनद हातीं येण्यास त्यांना आणखी दीड वर्ष लागलें. त्या काळांत घर तिच्या पगारावर चाललें, स्वयंपाक त्यांनीं केला, आणि नेरुळास त्यांच्या मातोश्रींनीं तें शेजारणीस सांगण्याचें मोठ्या धूर्तपणें टाळलें.