संगणकाने रेखाटलेले औषध आणि आपल्या घरातील गोळ्या

"मागच्या वेळी याच गोळीने बरे वाटले होते, तीच पुन्हा घेऊ," हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी उच्चारले गेले असेल. दवाखान्याची रांग टळते, पैसे वाचतात. मात्र प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिक औषधांच्या बाबतीत ही काटकसर महागात पडते. औषधाच्या अर्धवट वा अकारण माऱ्यातून जे जिवाणू तगतात तेच वाढतात आणि पुढे त्याच औषधाला दाद देत नाहीत.

हा प्रश्न ज्येष्ठांचा अधिक आहे. 'लॅन्सेट'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार १९९० ते २०२१ या काळात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे होणारे पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. सत्तरी ओलांडलेल्यांचे मात्र ८० टक्क्यांहून अधिक वाढले. उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावते, मधुमेहासारखे आजार सोबतीला असतात, रुग्णालयाच्या फेऱ्या वाढतात आणि कधी लघवीची नळीही लावावी लागते.

नवा रेणू कोठून येतो?

पूर्वी अशी औषधे मातीतील सूक्ष्मजीवांत शोधली जात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातील शास्त्रज्ञांनी तेथील मातीतल्या सूक्ष्मजीवापासून 'हमायसिन' हे बुरशीविरोधी औषध मिळवले होते. पुढे अशी नवी औषधे सापडणे दुर्मीळ झाले. शिवाय थोडे दिवस घ्यायच्या आणि जपून वापरायच्या औषधात नफा कमी, म्हणून अनेक मोठ्या कंपन्यांनी या संशोधनातून अंग काढून घेतले.

येथे कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगी पडू लागली आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जेम्स कॉलिन्स यांच्या चमूने २०२० साली संगणकाकरवी 'हॅलिसिन' हे प्रतिजैविक शोधले. तो रेणू आधीच अस्तित्वात होता, मधुमेहासाठी अभ्यासलेला. संगणकाने केवळ त्याची निवड केली. ऑगस्ट २०२५ मध्ये याच चमूने पुढचे पाऊल टाकले. कोणत्या रचनेचे रेणू जिवाणूंना मारतात हे प्रयोगशाळेतील निष्कर्षांवरून संगणकाला शिकवले आणि मग पूर्वी कधीच नसलेले रेणू त्याच्याकडून रेखाटून घेतले. अशा ३ कोटी ६० लाखांहून अधिक रचना संगणकात तपासल्या गेल्या. मानवी पेशींना घातक ठरतील अशा आणि जुन्या औषधांशी फार साम्य असलेल्या रचना वगळण्यात आल्या.

कागदावरून काचपात्रात

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांतून पाळ्या केलेल्या वाचकांना पुढची अडचण सहज उमगेल. कागदावर सूत्र मांडणे वेगळे आणि तो पदार्थ प्रत्यक्ष घडवणे वेगळे. गोनोरियाच्या जिवाणूसाठी निवडलेल्या ८० रेणूंपैकी केवळ २ तयार करता आले. त्यांतील एक प्रभावी ठरला. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूसाठी, ज्याला डॉक्टर 'एमआरएसए' म्हणतात, सुमारे ९० रेणू निवडले होते. २२ घडवता आले आणि ६ जोरकस ठरले. त्यांपैकी 'डीएन१' या रेणूने उंदरांच्या त्वचेवरील संसर्ग बरा केला. प्रसिद्ध झालेले हे संशोधन उंदरांपर्यंतचे आहे.

उंदरापासून माणसापर्यंतची वाट किती लांब असते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने न्यूमोनियासाठी 'नॅफिथ्रोमायसिन' हे औषध विकसित केले. दिवसातून एकदा, असे तीन दिवस ते घ्यावयाचे असते. त्याची घोषणा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. त्यामागे १४ वर्षे आणि सुमारे ५०० कोटी रुपये खर्ची पडले. संगणक शोधाचा आरंभ झपाट्याने करून देतो, परंतु माणसांवरील चाचण्यांचा काळ त्याला फारसा कमी करता येत नाही.

तोवर घरी काय सांभाळावे?

• पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये. उरलेल्या गोळ्या साठवू नयेत, शेजाऱ्यांना देऊ नयेत.

• साधी सर्दी व बहुतेक घशाची दुखणी विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविक चालत नाही. डॉक्टरांनी ते दिले नाही, तर आग्रह धरू नये.

• वृद्धांच्या लघवीत त्रास नसतानाही जिवाणू आढळू शकतात. जळजळ, ताप वा अन्य लक्षणे नसतील, तर केवळ अहवाल पाहून औषध सुरू करू नये. उपचार लागणारच असेल, तर पहिल्या मात्रेपूर्वी 'कल्चर' तपासणी करावी काय, हे डॉक्टरांना विचारावे.

• रक्त पातळ करणाऱ्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांशी काही प्रतिजैविकांचे जमत नाही. मूत्रपिंड अशक्त असेल, तर मात्राही बदलावी लागते. डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची सगळी पाकिटे सोबत न्यावीत.

• फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींविषयी डॉक्टरांना विचारावे. टळलेल्या संसर्गाला औषधच लागत नाही.

शुश्रूषा करणाऱ्या लेकी-सुनांनी आणि मुलांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. वृद्धांना गंभीर संसर्गातही ताप येईलच असे नाही. अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, फार सुस्ती, धाप, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले, तर घरातील गोळ्या चाळत न बसता त्यांना तत्काळ रुग्णालयात न्यावे.