दीड लाख सूचना, २७७ बदल

मार्च २००८ मध्ये स्टारबक्स या अमेरिकी कॉफी कंपनीने ग्राहकांसाठी एक संकेतस्थळ उघडले. दुकानात काय बदलावे, नवे काय आणावे हे कोणीही तिथे सुचवावे, इतरांनी त्यावर मत द्यावे, कंपनीच्या माणसांनी उत्तर द्यावे, अशी योजना होती. पाच वर्षांनी कंपनीने हिशेब मांडला: दीड लाखाहून अधिक सूचना आल्या आणि त्यांतल्या २७७ अमलात आल्या. म्हणजे हजारामागे दोनसुद्धा नाहीत. हा आकडा वाचून काहीजण म्हणतात, हा निव्वळ जाहिरातीचा देखावा आहे. इतर काही म्हणतात, सामान्य ग्राहकाला यातले काय कळते, हेच यातून सिद्ध झाले. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि दोन्ही एकाच समजुतीतून निघालेले आहेत. कंपन्यांकडे कल्पनांची टंचाई असते आणि ती भरून काढायला त्या लोकांकडे येतात, ही ती समजूत. वास्तविक कल्पना मुबलक असतात. कंपनीपर्यंत पोहोचत नाही ती वापरणाऱ्याच्या अडचणीची नेमकी माहिती. ती मिळाली तरी तिच्यातून निवड करण्याचे कष्ट उरतातच.

ग्राहकाला स्वतःला काय हवे ते सांगता येत नाही, या मताच्या बाजूने हेन्री फोर्ड यांचे एक वाक्य हमखास पुढे केले जाते. लोकांना विचारले असते तर त्यांनी आणखी वेगवान घोडे मागितले असते, असे ते म्हणाल्याचे सांगतात. फोर्ड यांनी हे म्हटल्याचा त्यांच्या हयातीतला पुरावा आजवर कोणी दाखवलेला नाही. उलट बाजूचा पुरावा मात्र भक्कम आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे एरिक व्हॉन हिपेल यांनी १९७६ मध्ये वैज्ञानिक उपकरणांचा अभ्यास केला, तेव्हा महत्त्वाच्या सुधारणांपैकी सुमारे ८० टक्के सुधारणा ती उपकरणे वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनीच आधी करून पाहिल्या होत्या, उत्पादकांनी नव्हे. व्हॉन हिपेल यांचे स्पष्टीकरण मला फार मोलाचे वाटते. वस्तू कुठे अडते हे वापरणाऱ्याला माहीत असते, ती कशी बनवायची हे कारखान्याला. पहिल्या प्रकारची माहिती रोजच्या वापराला इतकी चिकटलेली असते की प्रश्नावल्या भरून घेऊन ती पूर्णपणे कारखान्यात नेता येत नाही.

यावर रास्त आक्षेप असा येतो की शास्त्रज्ञ म्हणजे काही सामान्य ग्राहक नव्हेत. म्हणून मारियन पोएट्झ आणि मार्टिन श्राइअर यांचे २०१२ चे संशोधन महत्त्वाचे. बाळांच्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीत एकाच प्रश्नावर तिच्या तज्ज्ञांच्या आणि ग्राहकांच्या कल्पना मागवल्या गेल्या. कोणती कल्पना कोणाची हे कळू न देता कंपनीच्याच वरिष्ठांकडून त्यांचे मूल्यमापन करून घेतले. नावीन्य आणि ग्राहकाला होणारा लाभ या दोन्हींत ग्राहक सरस ठरले. प्रत्यक्षात बनवण्याजोगेपणात मात्र तज्ज्ञ पुढे होते. जपानच्या मुजी कंपनीच्या आकडेवारीवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर थेट गल्ल्यापर्यंत जातो. ग्राहकांच्या कल्पनांतून आलेल्या फर्निचरची पहिल्या वर्षाची विक्री कंपनीच्या डिझायनरांच्या वस्तूंच्या सुमारे तिप्पट होती, ढोबळ नफा सुमारे चौपट. आता कोणी म्हणेल, मुजीने हजारो सूचना चाळून मोजक्याच उचलल्या, मग त्या खपल्या यात नवल ते काय? मान्य आहे. पण डिझायनरांच्या वस्तूही निवडूनच बाजारात येतात. निवड दोन्हीकडे आहे. फरक कल्पना कुठून आली याचा आहे. शिवाय हा आक्षेप मुळातच माझ्या म्हणण्याला बळ देतो, कारण चाळणी नसती तर मुजीच्या हाती हे काहीच लागले नसते.

चाळणी म्हटले की दुसरा गैरसमज समोर येतो: ज्या सूचनेला जास्त मते, ती कंपनीने बनवलीच पाहिजे. डेल या संगणक कंपनीने फेब्रुवारी २००७ मध्ये असेच संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा विंडोजऐवजी लिनक्स घातलेले संगणक विका या मागणीवर अल्पावधीत एक लाखाहून जास्त मते पडली. डेलने ती फेटाळली नाही, पण ती मते म्हणजे मागणीपत्रे आहेत असेही मानले नाही. आधी स्वतंत्र सर्वेक्षण केले आणि मग मे २००७ मध्ये अमेरिकेत उबुंटू लिनक्स घातलेली मोजकी मॉडेल्स विकायला काढली. हे शहाणपणाचे होते. मत द्यायला पैसे पडत नाहीत, संगणक घ्यायला पडतात. आणि अशा ठिकाणी आधी पोहोचतात ते त्या विषयाने झपाटलेले लोक, सरासरी गिऱ्हाईक नव्हे. लेगो या डॅनिश खेळणी कंपनीने तर हा फरक नियमातच घातला आहे. चाहत्याच्या रचनेला दहा हजार पाठीराखे मिळाले की तिला मिळतो तो फक्त परीक्षणाचा हक्क. त्यानंतर कंपनीचे मंडळ ती तपासते आणि बहुतेक रचना तिथेच थांबतात. प्रौढांसाठीच्या एका भयपट-विनोदपटावरची रचना दहा हजारांचा टप्पा ओलांडूनही नाकारली गेली, कारण मुलांच्या खेळण्यात तो विषय बसत नव्हता. उलट चंद्रमोहिमांच्या सॅटर्न-पाच अग्निबाणाची चाहत्यांची रचना २०१७ मध्ये बाजारात आली.  मते ही अशी एक खूण असते, निकाल नव्हे. हे आधीच स्पष्ट सांगणारी कंपनी ग्राहकाशी अधिक प्रामाणिक वागते, असे माझे ठाम मत आहे.

मग स्टारबक्सचे हजारी दोन हे प्रमाण कमी की जास्त? स्वीकारलेल्यांत विनामूल्य वायफाय होते आणि कपाच्या झाकणाचे भोक बंद करून कॉफी सांडू न देणारी छोटी हिरवी काडीही होती. नाकारलेल्यांत अर्थातच पुनरावृत्ती खूप असते. तीच मागणी शेकडो जण आपापल्या शब्दांत करतात. डेलच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासांतून आणखी दोन गोष्टी दिसल्या. सुरुवातीला लोक आपल्या कल्पनेचे मोल जास्त आणि ती अमलात आणायचा खर्च कमी धरतात. इतरांची मते आणि कंपनीची उत्तरे पाहत ते शिकतात, आणि ज्यांच्या कल्पनांत दम नसतो ते हळूहळू गळतात. म्हणजे कंपनीचे उत्तर हा शिष्टाचाराचा भाग नाही. त्यानेच पुढच्या सूचनांचा दर्जा ठरतो. दुसरे निरीक्षण संशोधक बॅरी बायस यांचे, २०१३ मधले. वारंवार सुचवणाऱ्यांच्या हातून उपयोगी कल्पना येण्याची शक्यता एकदाच लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त असते, पण एकदा यश मिळाले की तीच माणसे आधीच्याच धर्तीवर सुचवत राहतात. नवे लोक सतत येत राहिले नाहीत तर झरा आटतो. म्हणून असे संकेतस्थळ फुकटात चालते हाही भ्रमच आहे. वाचणारी, उत्तरे देणारी, संबंधित विभागाच्या मागे लागणारी माणसे कंपनीला पगार देऊन ठेवावी लागतात.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे: ग्राहकाच्या डोक्यातले फुकट घेऊन कंपनी कमावते. यात तथ्य आहे आणि ते झाकू नये. लेगो निवडलेल्या रचनेच्या कर्त्याला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मानधन देते. बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही, आणि सूचना पाठवताना मान्य केलेल्या अटींतच ती मोबदल्याविना वापरण्याची मुभा कंपनीला दिलेली असते. पण रोजच्या गैरसोयीबद्दलच्या बहुतेक सूचना दिल्याने ग्राहकाचे काही जात नाही, आणि ती सुधारणा त्यालाही वापरायला मिळते. प्रश्न उरतो तो खऱ्या शोधाचा. नुसत्या कल्पनेला भारतात कॉपीराइट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे. कल्पना माझी असे नंतर म्हणून भागत नाही. पेटंटसाठी तर शोध नवा असावा लागतो, आणि सर्वांना दिसेल अशा जागी त्याची रचना आपणच लिहून टाकली की ते नावीन्य सहसा संपते. त्यामुळे यंत्राची किंवा प्रक्रियेची नवी रचना सुचली असेल, तर ती कोणत्याही कंपनीला सुचवण्याआधी पेटंट कार्यालयात प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करावा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी ते कार्यालय मुंबईत आहे. अर्ज केल्यानंतर पूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात.