मिश्र टाकीतील पिले कोणत्या माशांची? अशी ओळखा

घरच्या काचेच्या टाकीपासून शोभिवंत माशांचा जोडधंदा सुरू करताना पहिली अडचण येते ती पिलांच्या ओळखीची. गप्पी, मोली, प्लॅटी, गुरामी एकत्र ठेवले, की एखाद्या सकाळी पाणवनस्पतींत बारीक पिले दिसतात. ती कोणाची हे कळले नाही, तर खाद्यही चुकते आणि विक्रीही. सुरुवातीला रंगावर विसंबू नये. आधी वागणे पाहावे, मग आकार.

पिले कशी वागतात?
• जन्मताच पोहणारी, ६ ते १० मि.मी. लांब, वनस्पतींत लपणारी : गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल. हे मासे थेट पिले देतात.
• त्याहून लहान, पारदर्शक, काचेला किंवा पानाला चिकटलेली : अंडी घालणारे मासे, उदा. गोल्डफिश, बार्ब.
• पाण्यावरील बुडबुड्यांच्या घरट्याखाली लटकलेली : गुरामी किंवा फायटर.
• जवळ जोडी पहारा देत असल्यास : एंजल.

आकार कसा आहे?
• गप्पी : सडपातळ, करडी.
• मोली : गप्पीपेक्षा मोठी. काळ्या मोलीची पिले बहुधा काळी किंवा ठिपकेदार.
• प्लॅटी : आखूड, भरदार.
• स्वोर्डटेल : लांबट. नराच्या शेपटीची ‘तलवार’ काही महिन्यांनी दिसते.
• गोल्डफिश : सुरुवातीला तपकिरी, रंग नंतर चढतो.

फसगत कुठे होते?
प्लॅटी व स्वोर्डटेल यांचा संकर सहज होतो. शिवाय या गटातील मादी नराचे शुक्राणू काही महिने साठवून ठेवते. म्हणजे तुमच्या टाकीत नर नसला तरी पिले होतात. त्यांचा बाप विक्रेत्याच्या टाकीतला असू शकतो. त्यामुळे मिश्र टाकीतील पिले शुद्ध जातीची म्हणून विकू नयेत. ग्राहक एकदा फसला की परत येत नाही. शुद्ध पैदाशीसाठी गप्पीचे नर-मादी साधारण चौथ्या आठवड्यापासून वेगळे करावेत.

पिले दिसताच काय करावे?
• मोठे मासे पिले खातात. पिले पेल्याने पाण्यासकट उचलून त्याच पाण्याच्या वेगळ्या टाकीत ठेवावीत. टाकीवर तारीख लिहावी.
• फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावावा.
• पोहणाऱ्या पिलांना आर्टेमिया किंवा खाद्याची बारीक पूड द्यावी. चिकटलेली पिले पोटाची पिशवी संपून पोहू लागली, की इन्फुसोरिया द्यावा.
• जास्तीची पिले वहाळात किंवा तळ्यात सोडू नयेत. हे मासे इथले नाहीत. स्थानिक माशांच्या खाद्यावर व जागेवर ते हक्क सांगतात.

ओळख पटत नसल्यास पिलांचा पट्टीशेजारी ठेवून काढलेला स्पष्ट फोटो घेऊन रत्नागिरीजवळील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातील तज्ज्ञांना दाखवावा.