चार अंशांचं पाणी आणि हवेचा हिशेब

चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन, दोन्ही कारखाने २००९ साली सुरू झाले. तेव्हापासून निगडी-प्राधिकरणात सहा महिने जर्मनीला जाऊन आलेल्यांची वानवा नाही. यातल्या एखाद्याने तारकर्लीला, पर्यटन महामंडळाच्या संस्थेत, स्कूबाचं कार्ड घेतलेलं असतं. मग मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेनला पोचल्यावर दीड-दोन तासांवर बोडनझे तलाव आहे असं कळतं आणि मन उचल खातं. कार्ड तिथे चालतं. अडचण पाण्याची आहे.

तारकर्लीचं पाणी २७-२८ अंशांचं. बोडनझेला भर उन्हाळ्यात वरचं पाणी २२ अंशांपर्यंत तापतं, पण २०-२५ मीटर खाली गेलं की पाच-सहा अंश. गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, ते तळाशी बसतं आणि ऊन तिथवर पोचत नाही. उतरताना हा बदल हळूहळू येत नाही. मीटर-दोन मीटरांत कपाळ ठणकायला लागतं.

लोक आधी सूटची चौकशी करतात. माझ्या मते आधी रेग्युलेटर बघावा. भोसरीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये सीओटू वेल्डिंगच्या सिलिंडरला हीटर जोडलेला असतो. तो बंद पडला की थोड्याच वेळात रेग्युलेटरवर बर्फ धरतं. दाबातला वायू मोकळा होताना थंड पडतो. डायव्हरच्या रेग्युलेटरमध्येही हेच घडतं. २०० बारची हवा पहिल्या टप्प्यात दहाएक बारवर येते. बाहेरचं पाणी पाच अंशांचं असेल तर आतलं तापमान सहज शून्याखाली जातं. वेल्डरचा गॅस अडतो, डायव्हरचा व्हॉल्व्ह मात्र उघडाच अडकतो आणि हवा धो धो वाहून जाते. म्हणून तिकडे सिलिंडरला दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि दोन स्वतंत्र रेग्युलेटर लावायची पद्धत आहे. एक वाहायला लागला की त्याचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्यावर श्वास घ्यायचा. पाच मिलिमीटरचे हातमोजे घालून, मानेमागे हात नेऊन तो व्हॉल्व्ह फिरवता येतो का, हे आधी उथळ पाण्यात बघावं. नंतर बघायला वेळ नसतो.

आता हवेचा हिशेब. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार म्हणजे २४०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवले की १८०० उरतात. वर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला २० मीटरवर तिप्पट, ६० लिटर लागतात, म्हणजे अर्धा तास. थंडीने श्वास वाढून २० चे ३० झाले की तीच हवा वीस मिनिटांत संपते. शिवाय ३० अंशांच्या खोलीत भरलेले २०० बार पाच अंशांच्या पाण्यात १८३च्या आसपास दिसतात. सिलिंडर गळत नसतो, थंडीने हवेचा दाब उतरतो. परतायचा आकडा यातून ठरवायचा आणि जोडीदाराशी काठावरच बोलून घ्यायचा.

सूटबद्दल थोडक्यात: वेटसूटचं निओप्रीन खोलीवर चेपतं आणि त्याची ऊब जाते, म्हणून ड्रायसूट बरा. पण तो शिकावा लागतो. आतली हवा पायांकडे सरकली की माणूस उलटा होऊन वर जातो. पहिल्याच दिवशी भाड्याचा ड्रायसूट घालून खोल जाऊ नये. टॉयफेल्सटिश नावाच्या प्रसिद्ध खडकाकडे तर बघूही नये. तिथे अनेक डायव्हर दगावले आहेत आणि स्वतंत्र परवानगीशिवाय उतरता येत नाही.

बोडनझे समुद्रसपाटीपासून ३९५ मीटरवर आहे. ३०० मीटरच्या वर डाइव्ह कॉम्प्युटर उंचीनुसार लावावा लागतो. त्यात वर येताना शरीर गारठलेलं असलं की हातापायांतलं रक्ताभिसरण मंदावतं आणि खोलीवर तिथे मुरलेला नायट्रोजन हळू बाहेर पडतो. बऱ्याच कॉम्प्युटरना हे कळत नाही, म्हणून पाण्याखालचा वेळ आपणच कमी धरायचा. बाहेर आल्यावर लगेच कढत शॉवरखाली उभं राहायचं नाही.

परतीचं तिकीटही याच हिशेबात येतं. एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास, लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर १८. (तारकर्लीहून आंबोली घाट चढून रातोरात घरी येणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं. घाट सातशेएक मीटर उंच आहे.) रविवारी रात्री फ्रँकफुर्टहून मुंबईचं विमान असेल, तर शेवटची डाइव्ह शनिवारी दुपारी उरकावी आणि रविवार सूट वाळवण्यात घालवावा.